आपण अप्लाय केलं का?

मिस्टर हेस्केथ दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला उजवा हात कानामागे धरून बसत, आणि मॅग्डलीन घाबरून ब्लडप्रेशरचं मशीन जवळ ओढून ठेवी.

आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरला तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारील. पण मॅग्डलीनच्या घरादाराचं पुढचं सगळं त्या म्हाताऱ्याच्या ब्लडप्रेशरवर अवलंबून होतं. दोन हजार पंधराच्या जूनमध्ये ती वसईहून लंडनला आली. लंडन म्हणजे कॅनडातलं, ऑन्टॅरिओतलं. वसईतल्या तिच्या गावातल्या, भुईगावातल्या, निम्म्या लोकांना अजून वाटतं की ती राणीच्या लंडनला आहे, आणि तिच्या नवऱ्याने, विल्सनने, तो गैरसमज दूर करण्याची तसदी घेतलेली नाही. अठरा वर्षं स्टाफ नर्स म्हणून राबलेली बाई इथे मिस्टर हेस्केथ यांच्या घरी केअरगिव्हर म्हणून राहिली. अशी नोकरी चोवीस महिने झाली की या देशात कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या अर्जावर नवऱ्यालाही आणता येतं, मुलांनाही. इथली आपली माणसं या सगळ्या प्रकरणाला एकच शब्द वापरतात: अप्लाय. चर्चच्या पायरीवर, ग्रोसरीच्या रांगेत, कोणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला, जिथे दोघं भेटतील तिथे पहिला प्रश्न 'अप्लाय केलं का?' कशासाठी, ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

मॅग्डलीनचे चोवीस महिने दोन हजार सतराच्या एकतीस मेला पुरे होत होते. आणि तिची मुलगी ग्लेन्डा नऊ जूनला एकोणीसची होत होती. एकोणीसची झालेली मुलगी आईच्या अर्जावर चालत नव्हती. म्हणजे हातात राहत होते मोजून आठ दिवस. त्या चोवीस महिन्यांत देशाबाहेर घालवलेले दिवस धरले जात नाहीत, म्हणून आई वारली तेव्हासुद्धा मॅग्डलीन गेली नाही. आईची माती तिने किचनमधल्या स्टुलावर बसून फोनच्या पडद्यावर पाहिली, आणि मग उठून मिस्टर हेस्केथ यांचं ओटमील गरम केलं. इतकं करून जर म्हातारा मधेच नर्सिंग होममध्ये गेला, तर नोकरी संपली. नवी नोकरी, नवं परमिट, त्यात पाच-सहा महिने सहज जाणार. तोवर ग्लेन्डा एकोणीसची होऊन मागे राहणार.

आणि ही भीती काही हवेतली नव्हती. पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात मिस्टर हेस्केथ यांचं डोकं पार फिरलं होतं. खाणं सोडलं, ड्रॉवर उपसले, कुठलातरी कागद हरवलाय म्हणून दिवसभर घरभर फिरले, आणि एका सकाळी जिन्याजवळ पडले. कपाळाला सहा टाके पडले. त्यांचा मुलगा ग्रॅहम टोरांटोहून आला, टाके पाहिले, आणि एका होमच्या वेटिंग लिस्टवर वडिलांचं नाव घालून टाकलं. माणूस वाईट नव्हता. त्याने मॅग्डलीनला समोर बसवून अगदी सभ्यपणे सांगितलं की पुढचा मे असाच गेला, तर बेड मिळेल त्या दिवशी मी डॅडला हलवीन. तेव्हापासून घरातला फोन वाजला की मॅग्डलीन आधी नंबर बघायची, टोरांटोचा तर नाही ना.

म्हाताऱ्यावर मात्र तिचा जीव जडला होता, आणि त्याला कारण होतं. मिस्टर हेस्केथ यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, मुलाचं नावही कधी आठवे, कधी नाही. पण रोज एकदा तरी, चहाचा कप हातात घेतल्यावर, ते डोळे बारीक करून तिला विचारत, "हॅव वुई अप्लाइड?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मॅग्डलीनला भरून आलं होतं. आपण अप्लाय केलं का? या 'वुई'चं तिला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे नाही का, मोठी माणसं आदराने 'आपण' म्हणतात, आणि नर्स पेशंटला 'आज आपण गोळी घेतली का' म्हणून विचारते? तसंच हे म्हाताऱ्याचं 'आपण', मायेचं. विल्सन फोनवर विचारायचा तो वैतागून. ग्लेन्डा विचारायची ती धास्तावून. तिचा कोणी न लागणारा हा एकटा माणूस तिला रोज न चुकता, काळजीने विचारायचा. ती त्यांच्या मांडीवर नॅपकिन नीट करत खरं तेच सांगायची, की नाही सर, अजून महिने भरले नाहीत. मग ते मान हलवत आणि म्हणत, "उशीर करू नकोस, लास." लास म्हणजे पोरी, ते ज्या उत्तर इंग्लंडातून आले होते तिकडची ही बोलायची रीत.

असं वर्षभर चाललं. मग दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिला बेसमेंटमध्ये, हिवाळी बुटांच्या खोक्याखाली, एक जाडजूड निळी वही सापडली.

वहीत वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली होती, ओळीने, तारखेवार. एकोणीसशे एक्कावन्नच्या ऑगस्टपासून बावन्नच्या जूनपर्यंत. स्टॅन्थर्प टाउन नावाच्या फुटबॉल क्लबचा एक अख्खा सीझन. तेव्हाच्या इंग्लंडात तिसरी डिव्हिजन ही सगळ्यात खालची. स्टॅन्थर्प त्या खालच्या डिव्हिजनमध्ये, आणि तिथल्या चोवीस क्लबांतही तळाशी. लढाई संपून सहा वर्षं झालेली, साखर अजून रेशनवर, आणि गावातले आठ-नऊ हजार लोक दर शनिवारी पावसात उभे राहून आपली टीम हरताना बघायचे. पहिल्या पानावर फोटोत खेळाडूंच्या कडेला कोट घातलेला एक सडपातळ तरुण होता. खाली नाव होतं: आर. हेस्केथ, असिस्टंट सेक्रेटरी.

तेव्हा तिला शनिवारचं कोडं सुटलं. त्या काळी तिकडे पाच वाजता रेडिओवर निकाल सांगत असणार. म्हातारा निकालाची वाट बघत बसत होता. त्यांच्या डोक्यात तो सीझन अजून चालू होता.

ती मनाने भाबडी. तिने ठरवलं, वाट बघतोय माणूस तर वाचून दाखवू. शनिवारी पाचला वही घेऊन बसली आणि पहिला निकाल वाचला. स्टॅन्थर्प हरले, दोन-शून्य. मिस्टर हेस्केथ नुसतं हुंकारले. पुढच्या शनिवारी हरले, तीन-एक. तिसऱ्या शनिवारी चार-शून्य, आणि मिस्टर हेस्केथ यांनी सूपचा बाउल दोन्ही हातांनी दूर लोटला. रात्रभर झोप नाही, सकाळी प्रेशर एकशे नव्वद.  वही पुन्हा बेसमेंटमध्ये ठेवावी, तर शनिवारी ते निकालासाठी हटून बसले. निकाल ऐकल्याशिवाय जेवेनात.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर तिने मिल्टन गावी राहणाऱ्या डेस्मंडला फोन लावला. डेस्मंड तिचा मामेभाऊ. वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, पण एके काळी गावाच्या टीमचा राइट बॅक होता आणि फुटबॉलचं नाव काढलं की त्याला थांबवणं कठीण. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅगी, तू पण ना," तो म्हणाला. "मॅच होऊन सिक्स्टी फाइव्ह इयर्स झाली. कोण चेक करायला येणारे? जिंकव ना त्यांना."

"खोटं सांगू?"

"पेशंटला इंजेक्शन दुखणार नाही म्हणून सांगतेस ते काय असतं?"

तर अशा रीतीने स्टॅन्थर्प टाउन जिंकायला लागलं. एकदम नाही. पहिल्यांदा तिने भीत भीत एक बरोबरी दिली. त्या संध्याकाळी मिस्टर हेस्केथ यांनी सूप संपवलं आणि वर ब्रेड मागितला. पुढच्या आठवड्यात तिने दोन-एक असा विजय दिला, कोपऱ्यात चिकटवलेल्या फोटोतल्या हॅरिसन नावाच्या खेळाडूकडून एक गोल मारवला, आणि म्हातारा गालात हसला. मॅग्डलीनला यात थोडी मजाही वाटू लागली होती, हे कबूल केलं पाहिजे. कन्फेशनला गेली तेव्हा तिने हे पाप सांगितलं नाही. फादरना ऑफसाइडपासून समजवावं लागलं असतं.

पण खोट्याला व्यवस्था लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती. ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी तिने निकाल आपल्या मनाने सांगितला आणि त्याच्या खालचा पॉइंट्सचा तक्ता मात्र कात्रणात होता तसाच वाचला. मिस्टर हेस्केथ यांचा चमचा थांबला.

"एकवीस," ते म्हणाले. "जिंकल्याचे दोन, बरोबरीचा एक. आपले एकवीस झाले, लास. मग आपण तेविसावे कसे?"

स्वतःचा वाढदिवस न आठवणाऱ्या माणसाने चार महिन्यांचे पॉइंट तोंडी धरून ठेवले होते!  पेपरवाल्यांची छापायची चूक असेल, असं काहीतरी पुटपुटून तिने वही मिटली. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी जुळवत राहिले, आणि चहाच्या वेळी तोच प्रश्न आला, पण या वेळी कळवळून. आपण अप्लाय केलं का?

पुढच्या रविवारपासून डेस्मंड कामाला लागला. तिने कात्रणांचे फोटो पाठवायचे, त्याने वेअरहाउसच्या ब्रेकमध्ये नवा तक्ता करायचा. अडचण त्यालाच पहिल्यांदा दिसली. स्टॅन्थर्पला पॉइंट द्यायचे म्हणजे ते कोणाचे तरी कमी करावे लागतात. त्याच्या समजुतीने तळाचे दोन क्लब लीगबाहेर जातात; त्या दोन जागांवर कोणीतरी हवंच. त्याने बोट ठेवलं ते डन्सफर्ड नावाच्या क्लबवर. खऱ्या सीझनमध्ये डन्सफर्ड एका पॉइंटने वाचलं होतं. आता ते बुडणार होतं.

मॅग्डलीनला ते आवडलं नाही. डन्सफर्डने तिचं काय वाकडं केलं होतं? त्याही गावात कोटवाला कोणी असिस्टंट सेक्रेटरी असेल. डेस्मंड म्हणाला, मग तुझ्या म्हाताऱ्याला बुडव. तिने नवा तक्ता उतरवून घेतला, आणि डन्सफर्ड तेविसावं झालं.

जानेवारी गेला. फेब्रुवारीत, बर्फ जरा ओसरलेलं पाहून, ग्रॅहम नेमका शनिवारी आला. साडेचारला बूट काढून, हात चोळत वडिलांच्या समोर बसला. आज वाचू नये असं मॅग्डलीनला शंभर वेळा वाटलं, पण पाच वाजले आणि कानामागे हात गेला. तिने वही उघडली.  स्टॅन्थर्प जिंकले, दोन-एक. ग्रॅहम सहज वाकून वहीत डोकावला आणि म्हणाला, "नाही, इथे तर हरले लिहिलंय. पाच-एक."

चमचा हवेत थांबला. मिस्टर हेस्केथ मुलाकडे बघत होते, मग तिच्याकडे. कपाळावरची टाक्यांची जागा लाल व्हायला लागली होती. मॅग्डलीनला त्या क्षणी ग्लेन्डाचा चेहरा दिसला, कॉलेजच्या आयडी कार्डावरचा.

"तो रिझर्व्ह टीमचा स्कोअर आहे, सर," ती म्हणाली. क्लबची दुसरी, राखीव खेळाडूंची टीम असते, हे डेस्मंडने तिला नोव्हेंबरमध्ये सांगितलं होतं आणि तेव्हा तिने नीट ऐकलंही नव्हतं.

मिस्टर हेस्केथ यांनी चमचा तोंडात घातला. "आपले रिझर्व्ह म्हणजे दगड आहेत नुसते," ते म्हणाले, आणि सूप पीत राहिले.

ग्रॅहम नंतर किचनमध्ये आला. आता हा बोलणार, या भीतीने ती सिंककडे तोंड करून उभी राहिली. तो एवढंच म्हणाला की डॅडचं वजन वाढलेलं दिसतंय. पण जाता जाता हेही सांगून गेला की होमच्या लिस्टवर नाव पुष्कळ वर आलंय, कधीही फोन येईल.

मार्चमध्ये वही वाचता वाचता ती पुढच्या पानांवर गेली. एका कात्रणाचा मथळा मोठ्या अक्षरांत होता: स्टॅन्थर्प मस्ट अप्लाय. अप्लाय! तिला वाटलं, आपल्या डोळ्यांना आता जिकडेतिकडे हाच शब्द दिसायला लागला. तिने डेस्मंडला विचारलं. त्याने कुठूनतरी वाचून काढून सांगितलं. त्या काळी तळाचे दोन क्लब आपोआप बाहेर जात नसत. त्यांनी लीगकडे अर्ज करायचा की आम्हाला राहू द्या. मग बाकीच्या क्लबांनी मतं द्यायची, की यांना ठेवायचं की बाहेरच्या कोणाला घ्यायचं. या अर्जालाच म्हणायचं अप्लाय.

फोन ठेवल्यावर ती हातात वही घेऊन तशीच बसून राहिली. हॅव वुई अप्लाइड? म्हणजे ते 'आपण' तिचं नव्हतंच. पावणेदोन वर्षं म्हातारा क्लबच्या अर्जाचं विचारत होता, आणि ती खुळी रोज स्वतःच्या महिन्यांचा हिशोब त्यांच्यापुढे मांडत होती. तिला हसू यायला हवं होतं. पण तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. या देशात एकच माणूस आपली विचारपूस करतो असं समजून चालली होती, आणि तोही आपल्याशी बोलत नव्हता.

त्या दिवशी तिने त्यांना चहा दिला तो न बोलता. प्रश्न आला. तिने उत्तर दिलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरला की तिचीच तिला लाज वाटली, आणि तिने नेहमीसारखं सांगितलं, अजून महिने भरले नाहीत, सर.

"उशीर करू नकोस, लास," ते म्हणाले.

वहीच्या शेवटच्या पानांत एक कार्बन कॉपी होती. बाकीच्या क्लबांना पाठवलेलं पत्र, खाली आर. हेस्केथ यांची सही. चोवीस वर्षांच्या पोराने लिहिलेलं. आमचा सीझन वाईट गेला हे आम्ही नाकारत नाही. पण आम्ही एकही सामना बुडवला नाही, कोणाला कमीजास्त बोललो नाही, आणि ज्यांना कुठेच जायला नाही अशी माणसं शनिवारी आमच्याकडे येतात. आम्हाला राहू द्यावं ही विनंती. मॅग्डलीनने ते उभ्या उभ्या वाचलं. तिच्या अर्जात अशा मजकुराला जागाच नव्हती, नाहीतर तिने शब्दन् शब्द उतरवून घेतला असता. पत्राच्या मागच्या पानावर शेवटचं छोटं कात्रण होतं. चार मतं कमी पडली. स्टॅन्थर्प बाहेर. दोन वर्षांनी मैदान विकलं गेलं. मिस्टर हेस्केथ त्याच साली बोटीने कॅनडाला आले होते, एवढं तिला ग्रॅहमकडून माहीत होतं.

मग गेल्या मे महिन्यातल्या त्या ड्रॉवरांचा, त्या हरवलेल्या कागदाचा अर्थ तिला लागला. मे म्हणजे सीझन संपून अर्ज करायचा महिना, आणि म्हातारा तेच पत्र शोधत होता. आणि आता पुन्हा मे येत होता. अर्ज करायची वेळच येणार नाही असं काहीतरी करायला हवं होतं. डेस्मंडने हिशोब घातला. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली तरी स्टॅन्थर्प बाविसावं राहतं, डन्सफर्डपेक्षा एका पॉइंटने वर. खऱ्या सीझनमध्ये तो सामना ते एक-शून्य हरले होते.

सहा मेला शेवटचा शनिवार होता. सकाळपासून मिस्टर हेस्केथ यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा ड्रॉवर उघडला, एकदा जिन्यापर्यंत जाऊन आले. मॅग्डलीन सावलीसारखी मागे. दुपारी प्रेशर घेतलं, एकशे ऐंशी. एका पॉइंटने वाचल्यावर म्हातारा विश्वास ठेवील का, की पुन्हा बोटांवर मोजून तिला पकडील, या विचाराने ती पाच वाजेपर्यंत डेस्मंडचा तक्ता पुन्हा पुन्हा जुळवत राहिली.

पाचला तिने वही उघडली आणि जे लिहिलं नव्हतं ते वाचलं. एक-एक. तक्ताही वाचला, डेस्मंडचा, एकेक आकडा सावकाश. मिस्टर हेस्केथ यांची बोटं हलत होती. मग थांबली.

"बाविसावे," ते म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे कोणाला विचारायला नको."

"नको, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. पासष्ट वर्षांचं ओझं उतरताना ती बघत होती, आणि ते तिने खोटं बोलून उतरवलं होतं, याची त्या वेळी तिला जरासुद्धा खंत वाटली नाही. त्या रात्री ते नऊ तास झोपले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी कप घेतला, खिडकीबाहेर बघितलं, चहा प्यायले. प्रश्न आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मे महिना शांत चालला, ड्रॉवर मिटलेले राहिले, ग्रॅहमला फोनवर सांगायला चांगल्याच बातम्या होत्या. आणि मॅग्डलीन रोज चहा देऊन मिनिटभर उगीच घुटमळायची. तो प्रश्न आपला नव्हता हे तिला ठाऊक होतं. तरी तो बंद झाल्यावर घर रिकामं वाटायला लागलं.

चोवीस मेला सकाळी फोन वाजला. ग्रॅहम होता. होममध्ये बेड रिकामा झालाय, त्याने सांगितलं, चोवीस तासांत कळवायचं होतं. मॅग्डलीनने भिंतीला हात लावला. एक आठवडा. दोन वर्षांतला फक्त एक आठवडा उरला होता.  

"मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "गेल्या मेमध्ये मी घाबरलो होतो. तो सीझन कसा संपला ते मला माहितीये, मॅग्डलीन. लहानपणी मी ती वही चोरून वाचायचो. तुम्ही जे केलंत ते मला कधी सुचलं नाही."

एकतीस मेला चोवीस महिने भरले. एक जूनला सकाळी शेजारच्या बाईला घरी बसवून मॅग्डलीन कुरिअरच्या ऑफिसात गेली. सगळे कागद रात्रीच तीनदा तपासले होते, तिथे काउंटरवर चौथ्यांदा तपासले. ग्रॅहमने दिलेलं नोकरीचं पत्र, ग्लेन्डाचा जन्मदाखला, विल्सनचे फोटो. उद्या पोचेल, काउंटरवरची मुलगी म्हणाली. ग्लेन्डाच्या वाढदिवसाच्या सात दिवस आधी. मॅग्डलीनने पाकीट दिलं तरी थोडा वेळ त्यावरचा हात उचलला नाही. त्या मुलीला तो हळूच बाजूला करावा लागला.

पुढे काय होईल, हे तिथे कोण सांगणार? वर्ष लागेल, दीड लागेल. हो म्हणतील, नाही म्हणतील. कुठल्यातरी ऑफिसात कोणीतरी अनोळखी माणूस कागद उघडेल आणि यांना ठेवायचं की नाही ते ठरवील. घरी येताना बसमध्ये तिला कोणालातरी सांगावंसं वाटत होतं. विल्सन नाइट शिफ्टला निघाला असेल, ग्लेन्डाचा दुसऱ्या दिवशी पेपर होता, डेस्मंड फोर्कलिफ्टवर.

मिस्टर हेस्केथ खिडकीपाशी ऊन घेत बसले होते. ती कोट न काढताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "वुई हॅव अप्लाइड."

त्यांनी मान वर केली. 

"अप्लाय? कशाला, लास?" ते म्हणाले. "आपण वाचलो की. बाविसावे आलो."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. दोन वर्षांत, आईची माती पडद्यावर पाहिली तेव्हाही, ती अशी रडली नव्हती. त्यांना वाटलं असावं, हिचा विश्वास बसत नाहीये. त्यांनी पुढे वाकून तिचा हात थोपटला.

"रडतेस काय? अप्लाय करावं लागलं ते त्या डन्सफर्डवाल्या बिचाऱ्यांना," ते म्हणाले. "फार वाईट असतं ते. दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, आम्हाला राहू द्या. त्यांचं पत्र येईल बघ. आपलं मत त्यांना द्यायचं. विसरू नकोस."

"नाही विसरणार, सर," मॅग्डलीन म्हणाली, आणि कोट काढून त्यांचं सूप गरम करायला आत गेली.